कानिफनाथची पिंजऱ्याची गाडी

माझा मेहुणा कानिफनाथ हेल्मेट घालून गाडी चालवतो. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. तर गाडी चारचाकी आहे. दारं बंद, काचा वर, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, आणि त्या छपराखाली हा हेल्मेट घालून, दोन्ही खांद्यांवरून पट्टे आवळून बसलेला. सुप्याच्या चौकात कुणाकडे नवा पाहुणा आला की आधी त्याला कानिफनाथ दाखवतात आणि मग चहा पाजतात.

सकाळी एमआयडीसीतली पाळी बदलते तेव्हा त्या रस्त्यावर मोटरसायकलींची रांग लागते. हेल्मेट बऱ्याच जणांकडे असतं. कुणाच्या कोपराला अडकवलेलं, कुणाच्या टाकीवर ठेवलेलं, घरून दुधाची किटली आणावी तसं. ही मंडळी कानिफनाथच्या लाल गाडीशेजारून जाताना आत वाकून बघतात आणि हसतात. काही जण एक हात सोडून त्याचा व्हिडिओसुद्धा काढतात. उघड्या डोक्यानं, एका हातानं गाडी चालवणारा माणूस बंद गाडीतल्या हेल्मेटवाल्याला वेडा म्हणतो. आपल्याकडे शहाणपण हे असं डोकी मोजून ठरतं.

खोटं कशाला बोला, मीही त्या हसणाऱ्यांतलाच. कर्जतला माझं कापडाचं दुकान आहे आणि लग्नसराईत मी फेटे बांधून देतो. कोल्हापुरी, पुणेरी, शाही, सांगाल तसा. नवरदेवाच्या डोक्याचा आकार लांबून बघूनही मला तुऱ्याची उंची ठरवता येते. त्यामुळे माणसाच्या डोक्यावर काय शोभतं याबद्दल माझं मत पक्कं होतं, आणि त्या मतात हेल्मेटला जागा नव्हती.

कानिफनाथ माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सुप्यात एका कारखान्यात पाइप वाकवायच्या मशीनवर आहे. अडतीस-चाळिशीचा, अविवाहित. लग्नाचं काय, असं विचारलं की म्हणतो, "गाडीला सीटा दोनच हायेत दाजी. एक माजी, एक आईची." घरात तो आणि माझी सासू साळूबाई. लहानपणापासून त्याला चाकाचं वेड. बाकीची पोरं यात्रेत पेढे घ्यायची, हा भोवरे घ्यायचा आणि ते कशानं फिरतात म्हणून उकलायचा.

ही लाल गाडी त्यानं पुण्याच्या भंगारातून आणली. कुण्या श्रीमंताच्या चिरंजिवांनी ती खांबाला नेऊन चिकटवली होती. दोन दारांची, बुटकी, जमिनीला पोट लावून बसल्यासारखी. टेम्पोत घालून ती सुप्याला आली तेव्हा साळूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "ही चालायची हाय का नुसती ठिवायची?" पुढची काही वर्षं कानिफनाथनं सुट्टीचा एकेक दिवस तिच्यात ओतला. पत्रा सरळ केला, इंजिन उघडून बसवलं, रंग दिला. कागदपत्रंही रीतसर केली, त्यात त्याच्या चपला झिजल्या. शेवटी गाडी चालली, आणि चालली ती अशी की ऐकणारा दचकावा.

मग त्याच्या डोक्यात शर्यत शिरली. वर्षातून एकदा मातीच्या रस्त्यावर गाड्यांची शर्यत होते, तिथं त्याला उतरायचं होतं. तिथला नियम असा की गाडीत आतून लोखंडी पिंजरा पाहिजे. गाडी उलटली तर छप्पर चेपून आतला माणूस चिरडू नये म्हणून. हे काम तर त्याच्या हातातलंच. त्यानं चांगला जाड, बिनजोडाचा पाइप आणला आणि सीटांच्या मागे एक कमान, पुढे काचेशी एक कमान, छपराखालून दोन आडवे, दारांत फुलीसारखे दोन-दोन असे पाइप वाकवून बसवले. खाली गाडीच्या तळाला लोखंडी पट्ट्या देऊन वेल्डिंग मारलं. काम बघण्यासारखं होतं. सांधा कुठला आणि पाइप कुठला ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. लोक विचारायचे, "कोंबड्या न्यायच्या का रं यातनं?" हा म्हणायचा, "व्हय, पण एकच कोंबडा हाय, त्यो म्या."

पिंजरा बसवून पहिल्यांदा गाडी बाहेर काढली त्या दिवशी त्याची छाती केवढी फुगली असेल. आता ही गाडी हत्तीनं पाडली तरी काही होणार नाही, असं तो आईला सांगून निघाला. चौकाच्या अलीकडे कांद्याची ट्रॉली पुढे होती, ती थांबली, याची नजर आरशातल्या पिंजऱ्यावर होती. गाडी जाऊन ट्रॉलीला टेकली. आपटलीसुद्धा नाही, टेकली. माणूस पायी चालतो तेवढा वेग. ट्रॉलीवाल्याला कळलंही नाही, त्याचे दोन कांदे तेवढे खाली पडले. गाडीच्या रंगाला ओरखडा नाही. पण कानिफनाथचं डोकं बाजूच्या पाइपावर असं बसलं की कपाळापासून कानापर्यंत उकललं.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कुठली मोटरसायकल?"

"कार हुती."

"कारमध्ये एवढं कशावर आपटलं?"

"जे जीव वाचवायला लावलं हुतं, त्याच्यावर," कानिफनाथ म्हणाला.

हा किस्सा सांगून मी कर्जतमध्ये किती जणांना हसवलं असेल, त्याला गणती नाही. जीव वाचवायला लावलेल्या लोखंडानं टाळकं फोडलं, यापेक्षा चांगला विनोद दुकानदाराला दुपारच्या वेळी मिळत नाही. पण हा प्राणी विनोदावर थांबणारा नव्हता. डोक्याला पट्टी असतानाच त्यानं सगळं पुन्हा शिकून घेतलं. शर्यतीत जे लोक पिंजऱ्यात बसतात ते हेल्मेट घालून, पट्ट्यांनी सीटला बांधून बसतात, म्हणून त्यांना पिंजरा वाचवतो. तोच पिंजरा रस्त्यावर, उघड्या डोक्याच्या माणसाभोवती असला तर साध्या धक्क्यालाही लोखंड डोक्याशी येतं. साध्या गाडीत तिथं मऊ अस्तर असतं आणि मोकळी जागा असते. त्यानं मग डोक्याजवळच्या सगळ्या पाइपांवर कडक फोम चढवला. उशीतला स्पंज नव्हे, तो बोटानं दबतो आणि डोक्यानं तर सपाटच होतो. घट्ट बसणाऱ्या सीटा आणल्या, खांद्यावरून आणि मांडीवरून येणारे पट्टे लावले, हाताशी छोटं आग विझवायचं नळकांडं ठेवलं. आणि दोन हेल्मेटं. त्या दिवसापासून नियम झाला की हेल्मेट आणि पट्टे असल्याशिवाय त्या गाडीत कुणी बसायचं नाही. गाडी दारातून कोपऱ्यापर्यंत जाणार असली तरी.

नियमाची पहिली परीक्षा साळूबाईंची. त्या बाजाराला निघाल्या. मुलानं हेल्मेट पुढे केलं, त्यांनी मुकाट्यानं घातलं. पण डोक्यावर पदर नाही म्हणजे कसं, म्हणून त्यांनी हेल्मेटवरून पदर घेतला. तशा त्या अख्ख्या सुप्यातून गेल्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "हसा. माझ्या लेकाच्या टकुऱ्याला टाके पडले, तवा तुमी नव्हता आला शिवायला."

इतपत सगळं गमतीचं होतं. मग माझ्या मुलीचं, राजनंदिनीचं लग्न ठरलं, आणि ती गंमत माझ्या गळ्यात आली.

स्थळ देवळाली प्रवऱ्याचं. चांगली बागायती, ऊस, दोन ट्रॅक्टर. मुलगा ओंकार कारखान्यात शेतकी खात्यात, स्वभावानं शांत. त्याचे वडील भागवतराव मात्र शांत नव्हेत. सुपारी फुटली त्या दिवशी आमच्या ओसरीवर मांडी ठोकून ते म्हणाले, "पाव्हणं, आमाला हुंडा नको, मानपान नको. एकच मागनं हाय. नवरीच्या मामाची ती पिंजऱ्याची लाल गाडी हाय ना, पोरांनी व्हिडिओ बघितलाय, तिच्यातनं नवरदेव मारुतीपासनं मांडवात येनार."

माझ्या तोंडात पेढा होता. "झालंच समजा," मी म्हणालो. हुंडा वाचला या आनंदात माणूस काहीही कबूल करतो.

कानिफनाथला फोन केला. भाचीचं लग्न म्हटल्यावर तो खूश झाला. "आनंदानं आनतो दाजी. आत बसनाऱ्याला हेल्मेट आन् पट्टे, येवढंच सांगून ठिवा."

मी ते सांगून ठेवलं नाही. लग्नाच्या दिवशी बघू, मामा आहे, ऐकेल, असं मनाशी म्हटलं. पण बायकोनं विहिणीशी बोलता बोलता ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी भागवतराव स्वतः दुकानात हजर. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"फेटा उतरवायचा म्हन्तो तुमचा मेव्हना?"

"अहो, उतरवायचा म्हणजे, तेवढ्यापुरतं..."

"आमच्यात डोईचं कवा उतरवत्यात ठावं हाय ना? घरात मयत झाल्यावर. लग्नाच्या दिवशी माझ्या पोराचं डोकं बोडकं करून त्याला भांडं घालनार?" ते उठले. दारात थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "गाडी न्हाई म्हनला असता तर समजून घेतलं असतं. शबूद देऊन आता अटी घालताय. बघा बाबा. तुमच्या पोरीला तितं राहायचंय. चार बायका चार तोंडानं बोलत्यात, मला काय त्यांची तोंडं धरता येत न्हाईत."

ते गेले आणि मी फेट्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसलो. ते वाक्य धमकीचं नव्हतं, असं नंतर सगळे म्हणाले. मला तर ते धमकीचंच वाटलं. बापाला असली वाक्यं नेमकी ऐकू येतात. माझी मुलगी त्या घरात पाऊल टाकण्याआधीच तिथं तिच्याविरुद्ध एक गोष्ट तयार झाली होती. उद्या मीठ जास्त पडलं तरी कुणीतरी म्हणणार, हिच्या मामानं आपला फेटा उतरवला होता. राजनंदिनी फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, मामाला काही बोलू नका." पण तिचा आवाज कोरडा होता, आणि तो मी ओळखतो.

मी दुसऱ्या गाड्यांची नावं सुचवून पाहिली. फुलांनी सजवलेली उघडी जीप माझ्या खर्चानं देतो म्हणालो. घोडा देतो म्हणालो. नाही. लाल गाडी, आणि फेटा.

मग उरला कानिफनाथ. एका दिवसापुरता नियम मोडणं त्याला जड का जावं? त्या रविवारी मी एसटीनं सुप्याला गेलो ते भांडायलाच. सोबत पिशवीत ओंकारसाठी बांधलेला नमुन्याचा फेटा होता. भगवा, जरीकाठी, तुरा असा की लांबून माणूस ओळखावा. हा फेटा बघितल्यावर तरी त्याला पाझर फुटेल, अशी माझी समजूत.

कानिफनाथ शेडमध्ये गाडी पुसत होता. मी खाली बसलो नाही की पाणी मागितलं नाही. जे बोलायचं ते एका दमात बोललो. तुझ्या बहिणीच्या डोळ्याला पाणी आहे. पोरीचं आयुष्य आहे. मारुती ते कार्यालय, पुढे वाजंत्री, गाडी गोगलगायीच्या चालीनं जाणार. तिथं कशाला हेल्मेट? तुला तुझं खूळ भाचीपेक्षा मोठं झालं का?

माझ्या हातातला फेटा त्यानं दोन्ही हातांनी घेतला, नीट बघितला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "बसा दाजी," म्हणून शेजारच्या सीटचं दार उघडलं. मी रागातच बसलो. त्यानं पट्टे लावले, ओढून आवळले. मी सीटचाच एक भाग झालो.

"आता नुस्तं डोकं डावीकडं घ्या. हळू."

मी हळूच घेतलं. पुरतं घेतलंही नव्हतं, तोच फेटा पाइपाला लागला. उजवीकडे घेतलं तर तुरा वरच्या पाइपाला लागून मोडला. माझ्या हातानं बांधलेला तुरा.

"हे तुमी गाडी उभी असताना केलं," तो म्हणाला. "पुढचा एकदम थांबला, न्हाईतर मागनं कुनी टेकला, तर मान आपली ऱ्हात न्हाई. मला लागलं तवा बी चालीचाच येग हुता. फेट्यानं डोकं पाइपाच्या आनखी जवळ जातं, आन् कापडाच्या आत काय हाय? डोकंच हाय ना?"

मी फेटा बांधणारा माणूस. कापडाच्या आत काय असतं याचा विचार करायची मला कधी गरज पडली नव्हती. पण दुकानदार हरला तरी हरलो म्हणत नाही. "फोम लावलाय ना तू?" मी म्हणालो.

"फोम हेल्मेटासाठी हाय. नुस्त्या डोक्याला पुरत न्हाई."

"मग सांग तूच भागवतरावांना. फोन लावून देतो. सांग की माझ्या गाडीत तुमचा मुलगा बसणार नाही. आणि मग तुझ्या आक्काला सांग. आणि मग राजनंदिनीला सांग."

साळूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. कानिफनाथनं माझे पट्टे सोडले. चहा घेतला, पूर्ण प्याला, कप खाली ठेवला.

"फेटा निघनारच न्हाई का?"

"नाही."

"आन् गाडी हीच पायजे?"

"हीच."

"मग पिंजरा निघंल," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. तर त्यानं बॅटरीची वायर काढली. दोन्ही सीटा खोलून बाहेर ठेवल्या. पोती भिजवून मागे टाकीच्या अंगाला आणि जमिनीवर पसरली, काचांना आतून गोधड्या लावल्या. ग्राइंडरला नवी चकती लावली आणि डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा चढवला.

आता मीच त्याला अडवायला पुढे झालो. शर्यत जानेवारीत होती. त्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं होतं, त्याचा कागद भिंतीवर लावलेला मला दिसत होता. "अरे कानिफा," मी म्हणालो, "त्यापेक्षा सरळ नाही म्हण. मी बघतो काय ते. होईल थोडं वाईटपण."

"न्हाई म्हनलं तर पोरगी ऐकून घेनार, आयुष्यभर. तसंच बसवलं आन् काय झालं तर पोरगी कुठं जानार?" त्यानं हातमोजे ओढले. "पिंजऱ्याबिगार ही साधी गाडी हाय. साध्या गाडीत साधा पट्टा लावून फेट्यानं बसता येतं. मागची कमान ऱ्हाऊ दे, ती डोक्यापासनं लांब हाय. पुढचं सगळं काढायचं. तुमी फकस्त हा पाइप धरा, कापल्यावर खाली पडंल."

भांडायला आलेला मी, नमुन्याचा फेटा खुंटीला अडकवून, पाइप धरून उभा राहिलो. ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की बोलायची सोय राहत नाही, ते बरंच झालं. ठिणग्या उडत होत्या. ज्या सांध्यावरून बोट फिरवलं तरी कळत नव्हतं, तिथून तो कापत होता. एकेक पाइप सुटून माझ्या हातात यायचा, गरम आणि वजनदार, आणि मी तो अंगणात नेऊन ठेवायचो. पुढची कमान निघाली तेव्हा माझे डोळे भरून आले. ग्राइंडरचा धूर होता असं मी तेव्हा म्हणालो. धूर नव्हता. मला माझ्या मेहुण्याचं वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त, माझ्या मुलीचा विचार माझ्यापेक्षा त्यानं जास्त केला होता, याचं.

कापलेल्या पाइपांची उरलेली टोकं घासून त्यानं गुळगुळीत केली, मूळच्या सीटा माळ्यावरून काढून बसवल्या, मूळचे पट्टे ओढून तपासले. छपराचं जुनं अस्तर जपून ठेवलं होतं, तेही चढवलं. धडकेत फुगणाऱ्या एअरबॅगा तेवढ्या पिंजरा बसवताना काढल्या होत्या, त्या नाहीत म्हणून गाडी अगदी सावकाश चालवायची, असं त्यानं स्वतःलाच बजावलं. साळूबाई सगळं झाल्यावर आत डोकावल्या. "आता म्या बाजाराला काय घालून जाऊ?" त्यांनी विचारलं.

"पदर," कानिफनाथ म्हणाला.

"नुसताच?" त्या म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

लग्नाच्या दिवशी कर्जतला मारुतीसमोर लाल गाडी उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. देवळालीची मंडळी उतरली. ओंकारच्या डोक्यावर मी स्वतः फेटा बांधला, तुरा यावेळी बेतानं. मुंडावळ्या बांधल्या. भागवतराव फेट्याकडे बघून प्रसन्न झाले. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि आत मान घातली. बराच वेळ मान आतच होती.

"पिंजरा कुठाय?"

"काढला," कानिफनाथ म्हणाला.

"काढला? आवो, पिंजऱ्याचीच गाडी म्हनलो हुतो म्या! पोरं कॅमेरा घेऊन आल्यात!" मागे खरोखर ओंकारचे चुलतभाऊ मोबाईल सरसावून उभे होते. एकानं आत डोकावून दुसऱ्याला सांगितलं, "नुसती जुनी गाडी हाय रं."

"का काढला पन?" भागवतराव विचारत होते.

मी पुढे झालो. म्हणालो, "फेटा ठेवायचा होता ना, भागवतराव. पिंजऱ्यात हेल्मेटाशिवाय बसणं धोक्याचं. तुम्ही फेटा उतरवायला नाही म्हणालात, म्हणून त्यानं पिंजरा कापला."

भागवतरावांनी कपाळाला हात लावला. "हात्तिच्या! एका हेल्मेटापायी? येवढं हुतं तर सांगायचं की नीट. घातलं असतं पोरानं हेल्मेट, काय बिघडत हुतं? वरनं मुंडावळ्या बांधल्या असत्या!"

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. मुलीचा बाप मांडवाच्या दारात ज्या गोष्टी गिळतो, त्यांत हीही गिळली. कानिफनाथकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यानं शांतपणे नवरदेवाला आत बसवलं, तुरा सांभाळून पट्टा लावून दिला, तो लागला का ते ओढून बघितलं आणि स्वतःचाही लावला. वाजंत्री सुरू झाली. गाडी माणसांच्या पावलानं चालली. वाटेत काहीही झालं नाही. कुणी मागून टेकलं नाही, कुणी पुढे थांबलं नाही. अर्थात, काहीच झालं नाही म्हणजे कशाचीच गरज नव्हती, असा हिशोब सगळ्यांनी जेवणाच्या पंगतीत पक्का केला. मंगलाष्टकांच्या वेळी मामा भाचीच्या पाठीशी उभा होता, नेहमीसारखा, चेहऱ्यावर काही नाही.

संक्रांतीला वाण घेऊन मी आणि कानिफनाथ देवळालीला गेलो. त्याच आठवड्यात त्याची शर्यत होती, पण कापलेला पिंजरा पुन्हा जोडून तिथं चालत नाही, त्यामुळे तो मोकळाच होता. भागवतरावांच्या ओसरीवर दहा-बारा माणसं बसलेली. आम्हाला बघताच ते उठून आले, कानिफनाथला हाताला धरून मधोमध बसवलं आणि म्हणाले, "हे बघा. हेच ते मामा. आपल्या फेट्यासाठी यांनी गाडी कापली. लाखाची गाडी! मशीन लावून, उभी कापली. येवढा मान कुनी कुनाला देतो का आजकाल?"

गोष्ट चांगलीच पिकली होती. तिच्यात गाडी आता परदेशातून आलेली होती आणि कापायला पूर्ण दोन दिवस लागलेले होते. ऐकणारे मान डोलावत होते. आतून राजनंदिनी चहा घेऊन आली, मागे तिची सासू, आणि सासूचा हात तिच्या खांद्यावर होता. ज्या घराण्यासाठी माहेरच्यांनी गाडी कापली, त्या घराण्यात सुनेला कुणी वाकडं बोलत नाही, हे मला तिच्या चालण्यावरूनच कळलं.

कानिफनाथनं घसा साफ केला. "फेट्यासाठी न्हाई कापली," तो म्हणाला. "फेट्याच्या आतल्या डोक्यासाठी कापली."

ओसरी हसली. भागवतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मामा लई इनोदी हायेत!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय पाव्हणं, तुमी तर तितं हुता. सांगा, कशासाठी कापली?"

कानिफनाथ माझ्याकडे बघत होता. चहा देऊन आत गेलेली राजनंदिनी स्वयंपाकघरात सासूशी कशावरून तरी खळखळून हसली.

"फेट्यासाठीच," मी म्हणालो. "मी पाइप धरायला होतो ना."

कानिफनाथनं मान डोलावली आणि बशीतला चहा तोंडाला लावला.